गाळलेली चार पानं

परीक्षेच्या खोलीत लेखनिकाला तोंड नसतं. परीक्षार्थी सांगेल ते उतरवायचं, स्वल्पविरामसुद्धा स्वतःच्या मनाचा द्यायचा नाही. कॉलेजनं दिलेल्या कागदावर हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्याखाली माझी सही होती. मी बारावी झालेली बाई. परभणीत स्टेशनाजवळ राहते, साड्यांना फॉल-पिको करते आणि हाताला लागेल ते वाचते. लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. म्हणजे माझं कमी शिक्षण आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी येणार होतं. मला त्याचा थोडा गर्वच झाला होता.

मुलगी पिंगळी गावची. तिला जन्मापासून दिसत नाही. मराठी घेऊन बी.ए. करत होती. बाकी सगळे विषय निघाले होते, एकच राहिला होता, भाषांतरित साहित्याचा. त्याला एक जुनी गाजलेली अमेरिकन कादंबरी नेमलेली होती, अर्थात मराठीत आणलेली. मागच्या वर्षी कुणीतरी तिला गाईड वाचून दाखवलं आणि ती त्याच पेपरात आपटली. तिच्याबरोबर गाडीनं येणारी एक मुलगी माझ्याकडे साड्या टाकायची, तिनं आमची गाठ घालून दिली.

"मावशी, गाईड नको," ती पहिल्या दिवशीच म्हणाली. "मला समदं पुस्तक पायजे. दादा म्हणलाय, ही शेवटची खेप. ह्या बारीला न्हाई निघाला तर कालेज बंद, घरी बसायचं."

घरी बसायचं म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला चांगलं माहीत होतं. मलाही एकदा असंच बसवलं होतं, फक्त मला दिसत होतं एवढाच फरक.

मग हिवाळाभर दुपारच्या दुपार आमचं वाचन चाललं. मी मशीन बंद करून खुर्ची ओढायची, ती भिंतीला टेकून बसायची. हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती, म्हणून मी तिच्यापुढे मेथीची जुडी नाहीतर सुपात शेंगा ठेवायचे. पुस्तक लायब्ररीचं, बांधणी सुटलेलं. भाषांतर करणाऱ्यानं अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या तोंडी अशी काही मराठी घातली होती की आम्ही दोघी हसायचो. गव्हाची पोती उतरवणारा हमाल म्हणतो, "मज क्षमा करावी." आमच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणी असं बोललं तर लोक त्याला सावलीत बसवून पाणी पाजतील.

कादंबरीत मुख्य माणसं दोन. एक पिठाच्या गिरणीचा मालक. तोंडाचा फाटका, चिक्कू, कुणाशी धड बोलत नाही, गावातली पोरं त्याला बघून पळतात. दुसरा शाळामास्तर. मऊ बोलणारा, सगळ्यांच्या दुःखाला हजर. त्याची एक बहीण असते आणि ती लहानपणीच्या तापात आंधळी झालेली असते. मास्तरानं तिच्यासाठी लग्न केलं नाही म्हणून गाव त्याला डोक्यावर घेतं. आमच्या मुलीचा मास्तरावर पहिल्या शंभर पानांतच जीव जडला. त्याचं बोलणं आलं की तिचे शेंगा सोलणारे हात थांबायचे. मीही त्याचे संवाद आवाज हळू करून, जीव ओतून वाचायचे. गिरणीवाल्याला मात्र माझ्या सासरच्या एका माणसाचा आवाज दिला होता. कुणाचा ते जाऊ द्या.

मोठ्यानं वाचताना डोळा तोंडाच्या एक ओळ पुढे असतो. त्यामुळेच त्या दुपारी मी बचावले, असं तेव्हा वाटलं होतं. मास्तराकडे पाहुणे जेवायला आले आहेत, बहीण शेजारच्या खोलीत आहे, दार उघडं आहे. आणि पुढच्या ओळीत मला दिसलं, मास्तर त्याच मऊ आवाजात पाहुण्यांना म्हणतोय की हे आंधळं ओझं किती दिवस वागवायचं, ती गेली तर तिचंही सुटेल आणि माझंही.

मी थांबले. खोकल्याचं निमित्त केलं, उठून पाणी प्यायले. ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. पुढं काय होतंय म्हणून चेहऱ्यावर सगळी उत्सुकता. त्या चेहऱ्यावर हे वाक्य कसं टाकायचं? मी पान उलटलं. पुढच्या पानावर तेच. आणखी उलटलं. चार पानं गेली तेव्हा जेवण संपलं होतं आणि पाहुणे घोड्यावर बसले होते. तिथून मी वाचायला लागले.

"मावशी, जेवणात काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. जेवले आणि गेले."

पान गाळणं सोपं असतं, पण त्यानंतर सारखं सावरत बसावं लागतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्याच चार पानांत मास्तर एका कागदावर सही करतो. या बाईला जगात कुणी नाही, असं त्यावर लिहिलेलं असतं. त्या सहीवर बहिणीला दूरच्या शहरातल्या निराश्रितांच्या आश्रमात धाडतात आणि तिला सांगतात, चार दिवस हवापालटाला चाललीस. मग गिरणीवाला गाडी जुंपून जातो, आश्रमाच्या दारात शिव्यांचा पट्टा सुरू करतो आणि तिला परत आणतो. गिरणीत पोती शिवायला बसवतो. टाका चुकला की इतर गड्यांवर ओरडतो तसाच तिच्यावरही ओरडतो.

पुढचं सगळं मी वाचलं, पण जिथं त्या कागदाचा नाहीतर निराश्रितांचा उल्लेख आला तिथं ते वाक्य गिळलं. त्यामुळे आमच्या खोलीत वेगळीच कादंबरी तयार झाली. तिच्यात एक प्रेमळ भाऊ बहिणीला विश्रांतीला पाठवतो आणि एक राक्षस तिला ओढून आणून राबवतो.

"गिरणीवाला कोण लागतो तिचा?" ती चिडून म्हणाली. "तिथं सुखात व्हती की ती."

"हं," मी म्हणाले.

पुस्तक संपलं. मग मला भीतीनं घेरलं. आधी ती भीती लहान होती, मशीनवर बसले की विसरायचे. नंतर ती मशीनवरही येऊन बसली. फॉल उलट्या बाजूला लावला गेला, दोन साड्या उसवाव्या लागल्या. मला वाटायचं, आज मुलगी आली की सांगून टाकू. ती यायची, चप्पल काढून पायानंच भिंतीला नीट लावायची, म्हणायची, "मावशी, तुमच्यामुळं मला ती गिरणी दिसती बगा." मग मी कसलं सांगते.

एकदा मी आडून विचारलं, त्या दोन माणसांवर प्रश्न येतो का.

"येतो ना. दोगांची तुलना करा म्हनून. पर मागच्या सालीच आला व्हता. एक साल आड येतो त्यो. ह्या बारीला बहिणीवर येतो न्हाईतर गावावर."

एक साल आड. या भरवशावर आमच्याकडे अर्धी मुलं परीक्षा देतात. मागं आलेल्या प्रश्नावर फुली मारायची, राहिलेले पाठ करायचे. मी या प्रकाराला नेहमी नावं ठेवत आले होते. त्या दिवशी मात्र मी तो आधार दोन्ही हातांनी धरला. पुन्हा येणार नाही, मग सांगायची गरजच काय? बहिणीवर आला तर काय होईल, याचा विचार मी केला नाही.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी मात्र राहवलं नाही. फोन लावला. तिच्या भावानं उचलला. "ती वाचायली मावशी," तो म्हणाला. "म्हंजे घोकायली. उद्या मीच आणून सोडतो. एकदाचं होऊन जाऊ द्या, मग मी बी मोकळा." मी म्हणाले, काही नाही, वेळेवर आणा. आणि फोन ठेवला.

आम्हाला वेगळी खोली दिली होती, तळमजल्यावर, भूगोल विभागाची. कोपऱ्यात धूळ बसलेला पृथ्वीगोल. पर्यवेक्षक एक तरुण सर, दाराशी खुर्ची टाकून बसलेले. प्रश्नपत्रिका आली. मी पहिला प्रश्न वाचायच्या आधी खालचे सगळे डोळ्यांनी पाहून घेतले. तिसरा प्रश्न होता, कादंबरीतील दोन पुरुष व्यक्तिरेखांची तुलना करा आणि खरा माणूस कोणाला म्हणावे ते घटनांच्या आधारे सांगा. सगळ्यात जास्त गुणांचा.

मी तो तिला वाचून दाखवला. ती हसली. "आलाच की," म्हणाली. "येऊ द्या. मला येतो."

पहिले दोन प्रश्न झाले. मग ती ताठ बसली आणि तिसऱ्याचं उत्तर सांगायला लागली. परीक्षेत ती पुस्तकी मराठी बोलायची, एकेक वाक्य तोलून. सुरुवात सुंदर केली. दोघांचं बोलणं, दोघांची घरं, गाव दोघांना कसं वागवतं, सगळं अचूक. मी लिहीत होते आणि ती कुठं चालली आहे ते मला दिसत होतं.

"मास्तर हाच या कादंबरीतील खरा माणूस आहे," तिनं सांगितलं. "त्याने आपल्या अंध बहिणीला कधीही ओझे मानले नाही."

मी ते लिहिलं. माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात. ओझे हा शब्द लिहिताना पेन दोनदा अडलं. मान वर करून पाहिलं तर सर खिडकीबाहेर बघत होते. ती पुढच्या वाक्याची जुळवाजुळव करत होती, ओठ हलत होते. एक ओळ. फक्त एक ओळ लिहिली तर तपासणाऱ्याला कळेल की हिला ते प्रकरण माहीत आहे, चार गुण तरी देईल. तिला दिसणार नव्हतं. सरांना कळणार नव्हतं. मी लिहायला लागले. तथापि त्यानेच बहिणीच्या नकळत कागदावर सही करून...

"मावशी," ती हळू म्हणाली. "मी थांबले. तुमी काय लिहायलाव?"

मी हातातला शब्द पुरा केला.

"मी सांगितल्यालं संपलं कवाच. पेन चालायलंय अजून." तिचा हात पुढं आला आणि उत्तरपत्रिकेवर पालथा पडला. "ते खोडा."

सर खुर्चीतून उठले. "काय झालं?"

माझं तर संपलंच असं वाटलं. माझं जाऊ द्या, कॉपीची केस तिच्यावर झाली असती. तिनं सरांकडे तोंड वळवलं आणि शांतपणे म्हणाली, "काही नाही सर. एक ओळ चुकली माझ्याकडून, खोडायला सांगितली." सर परत बसले. मी ती ओळ खोडली. मास्तर खरा कसा आहे ते सांगणारी त्या सबंध उत्तरात तेवढीच ओळ होती, आणि ती मी दोन रेघा मारून खोडली. मग तिनं उरलेलं सांगितलं, मास्तर कसा देवमाणूस ते, आणि मी उतरवत गेले. शेवटी ती म्हणाली, वाचून दाखवा. मी सगळं वाचून दाखवलं, अक्षर न अक्षर.

बाहेर कडुनिंबाखाली कट्टा आहे, तिथं आम्ही तिच्या भावाची वाट बघत बसलो. मी सगळं सांगून टाकलं. पाहुणे, जेवण, सही, आश्रम. सांगताना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला, कारण रडायचा हक्क तिचा होता.

ती रडली नाही. "पुस्तक हाय का?" तिनं विचारलं. पुस्तक पिशवीत होतं. "वाचा ती चार पानं."

"आता?"

"आता."

मी वाचली. समोरून मुलं पेपरबद्दल ओरडत चालली होती, कुणी गाडी चालू करत होतं, आणि मी मास्तराच्या मऊ आवाजात नाही, माझ्या साध्या आवाजात वाचत होते. आंधळं ओझं हा शब्द आला तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही.

"एवढंच?" ती म्हणाली. "हे तर आमच्या घरी पाव्हणे आले की ओसरीवर बोलत्यात. त्यान्ला वाटतं मला आत ऐकू येत न्हाई. मी जेवायली असते तवा. तरी बी घास खाली जातो माझा." मग जरा थांबून म्हणाली, "ह्याच्यावर तर मी दोन पानं सांगितली असती मावशी. वर्गातल्या कुणालाच जमली न्हाई अशी."

 ती पुढं म्हणाली, "सही केली म्हणलात न्हवं मास्तरनं. तिला इचारलं व्हतं का?"

"नाही."

"हं," ती म्हणाली.

तुलनेच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं कट्ट्यावर मिळालं. इतके दिवस मी स्वतःला वाचणारी समजत होते. गिरणीवाल्याला फाटक्या तोंडाचा आवाज देताना आणि मास्तराला गोड करताना मी कुणाच्या बाजूला उभी आहे, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मास्तरानं बहिणीला न विचारता तिचं भलं केलं. मीही तेच केलं. गिरणीवाला तिच्यावर गड्यासारखा ओरडायचा, पण तिच्यापासून त्यानं काही लपवलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

निकालापर्यंतचा दीड महिना कसा काढला ते सांगत नाही. ती वाचायला येण्याचं काही कारण नव्हतं, आणि फोन करण्याची माझी छाती नव्हती. स्टेशनावर गाडीचा भोंगा वाजला की मी मशीन थांबवायचे. निकाल लागून चार दिवस झाल्यावर साड्या टाकणाऱ्या मुलीनं सांगितला. नापास. तीन मार्कांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी पिंगळीला गेले. घर विचारत विचारत पोचले. भाऊ दारात दुधाच्या कॅन धूत होता. चहा ठेवा म्हणून आत आवाज दिला त्यानं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, पेपर गेला तो माझ्यामुळे, तिच्यामुळे नाही. मी पानं गाळली. तिला आणखी एक संधी द्या, घरी बसवू नका.

त्यानं हात पुसले. माझी कीव आल्यासारखं बघितलं. "मावशी, तुमी काय मुद्दाम केलं का," तो म्हणाला. "तिच्या जिवाला लागू नये म्हनून केलं. आमी बी तिला समदं कुठं सांगतोत? लोकं काय काय बोलत्यात. आमी आतल्या आत ठेवतोत. मनाला लावून घेऊ नका."

मला बरं वाटावं म्हणून तो हे बोलला. तो वाईट माणूस नाही. पण त्यानं मला आपल्यात घेतलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"फारम भरलाय मी," आतून आवाज आला. ती दाराशी येऊन उभी राहिली, चौकटीला हात लावून. "दादा, तुला यायचं काम न्हाई. गाडीची सवय हाय मला. लिहायला बी बगितली एक पोरगी, अकरावीची."

भाऊ वळला. कॅन उपडी घालून गोठ्याकडे गेला. ते हो होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

"वाचायला मी येईन," मी म्हणाले. "इथं येईन रोज. पहिल्या पानापासून, सगळं वाचेन. एक ओळ सोडणार नाही."

ती खाली बसली आणि ओढणीतून मोबाईल काढला. मैत्रिणीनं सगळ्या पुस्तकाचे फोटो काढून दिले होते, आता फोनच वाचून दाखवतो, म्हणाली. तिनं कुठंतरी बोट टेकवलं. एका बाईचा सपाट आवाज सुरू झाला. मास्तराकडे पाहुणे बसले होते. आंधळं ओझं हे शब्द त्या आवाजानं मिठाचं भांडं इकडे द्या म्हणावं तसे म्हटले आणि तो न थांबता पुढं गेला. मुलगी मान कलती करून ऐकत होती.

"लय कोरडा आवाज हाय, मावशी," ती म्हणाली. "तुमच्यावानी वाचाया न्हाई येत त्याला. पर मला काय ऐकवायचं आन् काय न्हाई, ते त्यो ठरवत न्हाई."

चहा आला. मी तो घेतला आणि परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिच्याशेजारी बसून ते वाचन ऐकत राहिले.